ओढ्यात डिझेल, खाली गावाची विहीर : निफाड तालुक्यातलं एक प्रकरण

गाव, ओढा, वाहतूकदार आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. अंतरं, वेळा आणि लिटरचे आकडे त्या दिवशी हजर असलेल्यांनी सांगितले तसे, म्हणजे ठोकळमानाने घ्यावेत.

पार्श्वभूमी

तेलगळतीचा विषय निघाला की सगळ्यांना समुद्रच आठवतो. साहजिक आहे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं धडकली आणि तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेलं. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा माणसं बादल्यांनी तेल उपसताना साऱ्या देशाने पाहिली. समुद्रातल्या अशा घटनांसाठी १९९६ पासून राष्ट्रीय आराखडा आहे आणि त्याच्या समन्वयाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. त्यात गळतीच्या तीन पातळ्या धरल्या आहेत : ७०० टनांपर्यंत पहिली, तिथून १० हजार टनांपर्यंत दुसरी आणि त्यापुढची तिसरी.

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, पण तेल आहे. मुंबईहून नळवाहिनीने ते मनमाडला येतं. तिथल्या पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तिथून टँकर चहूकडे सुटतात. चांदवड, निफाड, येवला, मालेगाव, कुठेही जायचं तरी वाटेत ओढे आणि नद्या ओलांडाव्याच लागतात. वीस हजार लिटरच्या भरलेल्या टँकरमध्ये साधारण सोळा-सतरा टन डिझेल असतं. समुद्राच्या मापाने हे पहिल्या पातळीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे दखल घेण्याजोगंही नाही. पण हजार लिटर तेलाचा एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याइतक्या जाडीचा तवंग झाला तर तो एक चौरस किलोमीटर पाणी झाकतो. ओढ्याची रुंदी दहा मीटर असेल तर टनांचं माप काही कामाचं नाही, हे ज्यांना त्या पहाटे कळलं त्यांचं हे प्रकरण आहे.

जागा अशी. राज्यमार्गावर एक जुना पूल. त्याखालचा ओढा साडेतीन किलोमीटरवर कादवेला मिळतो आणि कादवा पुढे नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीला. तिथलं पक्षी अभयारण्य २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. गोदावरीचे डावा-उजवा कालवेही तिथूनच निघतात. पुलाखाली किलोमीटरभर अंतरावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला सगळे केटीवेअर म्हणतात. त्याचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबलेलं पाणी, अर्धा किलोमीटर. बंधाऱ्याखाली चारशे मीटरवर ओढ्यातच गावाच्या पाणीपुरवठ्याची जॅकवेल, म्हणजे पंप बसवलेली विहीर. दोन्ही काठांना द्राक्षबागा आणि त्यांच्या मोटारी.

वाहतूकदाराकडे आपत्कालीन आराखडा होता, छान बांधलेला, रंगीत. तो किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी टर्मिनलचा उचललेला असावा, कारण त्यात ‘भरती-ओहोटीचा तक्ता पाहून बूम टाकण्याची दिशा ठरवावी’ असं वाक्य होतं. (बूम म्हणजे तेल अडवायला पाण्यावर टाकायचा तरंगता अडसर.) संपर्क यादीत तटरक्षक दलाचा १५५४ होता. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ नव्हता, आणि जॅकवेलचा पंप चालू-बंद करणाऱ्या माणसाचा नंबर असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

घटना

जानेवारीतली पहाट, चारच्या सुमाराची. निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहे, त्यात धुकं. पुलाच्या अलीकडच्या वळणावर टँकर डाव्या बाजूला कलंडला. पाच कप्प्यांपैकी दोघांची वरची झाकणं नीट बसलेली नव्हती की आपटून निसटली, यावर नंतर बरीच वादावादी झाली. डिझेल रस्त्याकडेच्या चरात आणि चरातून ओढ्यात जायला लागलं. मागून येणाऱ्या दूधवाल्याने चालकाला बाहेर काढलं, ११२ ला फोन केला आणि स्वतःच्याच गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. जाताना चालक एवढंच म्हणाला, “थोडंच सांडलंय.”

हे ‘थोडंच’ पुढे दोन तास प्रत्येक फोनवर फिरत राहिलं. पोलिसांनी ते तहसील कार्यालयाला सांगितलं, तिथून ते जिल्ह्याला गेलं. एन्नोरलाही सुरुवातीला गळतीचा अंदाज फारच कमी सांगितला गेला होता. पहिला आकडा नेहमी अशा माणसाकडून येतो ज्याला तो मोजता आलेला नसतो, आणि बऱ्याचदा तो छोटा असण्यात त्याचं हित असतं.

पोलीस पोचले तोवर आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं कॅन, ड्रम, अगदी दुधाच्या किटल्या घेऊन जमली होती. पोलिसांनी पहिलं काम गर्दी मागे हटवण्याचं केलं आणि ते योग्यच होतं. टँकर आणि इंधन म्हटलं की या पट्ट्यातल्या महसूल आणि पोलीस यंत्रणेच्या अंगावर एक जुना काटा आहे. २०११ च्या जानेवारीत मनमाडजवळ तेलमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं, ते इथे कुणी विसरलेलं नाही. पण परिणाम असा झाला की पहिला सगळा वेळ टँकरभोवती गेला. तेल कुठे चाललंय हे पाहायला पुलाखाली कुणी उतरलंच नाही.

अडचण नेमकी कोणती

पुलावर उभं राहून पाहणाऱ्याला अडचण एकच दिसत होती : रस्ता बंद आहे, लासलगावला निघालेल्या कांद्याच्या गाड्यांची रांग लागली आहे, आग लागायची भीती आहे. अग्निशमन गाडी सव्वापाचला आली ती हाच विचार घेऊन. फेस मारला आणि मग रस्ता निसरडा राहू नये म्हणून पाणी मारायला सुरुवात केली.

तलाठी म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या एका ताईंनी विचारलं, “साहेब, पाणी मारल्यावर हे जाणार कुठं? ओढ्यातच ना?” उत्तर द्यायला कुणाला फुरसत नव्हती. त्यांनी दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात विचारलं तेव्हा पाणी थांबलं. तोवर दहाएक मिनिटं धुणं झालं होतं. चरात साचून राहिलं असतं असं बरंचसं डिझेल त्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरलं. मग शेजारच्या चालू कामावरून मुरूम मागवून रस्त्यावर पसरला आणि चराचं तोंड जेसीबीने बुजवलं.

या प्रकरणातला हा पहिला निर्णयाचा क्षण. अग्निशमनच्या माणसांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांना शिकवलेलं काम त्यांनी चोख केलं होतं. आग विझवणं आणि रस्ता मोकळा करणं यात पाणी हा मित्र असतो, गळतीत तोच वाहक होतो. हे सांगणारं कुणी घटनास्थळी असायला हवं होतं आणि त्या पहाटे ते काम योगायोगाने एका तलाठ्याने केलं.

खरी अडचण खाली होती. जॅकवेलचा पंप रोज पहाटे पाचला सुरू होऊन टाकी भरायला लागतो. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रपाळीत होती आणि बागायतदारांच्या मोटारी ‘ऑटो’वर होत्या. वीज आली की मोटार आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला. म्हणजे तेल जिथे पोचणार होतं तिथलं पाणी आधीच कुणीतरी ओढत होतं.

पाटबंधारे विभागाचे एक शाखा अभियंता साडेसहाला आले. त्यांनी आल्या आल्या केलेली गोष्ट साधी होती. ओढ्यात वाळलेली पानं टाकली, वीस पावलं काठाने चालत गेले आणि घड्याळ पाहिलं. वाहत्या भागात वेग सेकंदाला वीस सेंटिमीटर, फुगवट्यात त्याच्या चौथा हिस्सा. तेल पाण्याच्या पृष्ठभागाबरोबर चालतं, वारा असेल तर त्याच्या वेगाच्या तीनेक टक्के भर पडते. वारा नव्हता. त्यांनी हिशेब सांगितला : पहिला अर्धा किलोमीटर पाऊण तासात गेला असणार, पण फुगवट्यात शिरल्यावर बंधाऱ्यापर्यंत पावणेआठ तरी होतील. हातात तास-सव्वा तास होता. घटनेपासून अडीच तास उलटून गेल्यावर ‘किती वेळ आहे’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

कोणते पर्याय पुढे आले

बंधाऱ्यावर माणसं जमली आणि प्रत्येकाकडे उपाय होता.

सरपंचांचं म्हणणं, बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढा. “घाण आपल्या गावात थांबायला नको, वाहून जाऊ दे.” पाणी वापर संस्थेच्या सचिवांकडे बर्गे उचलून काढायचे लोखंडी आकडे होते आणि तेही निम्मे तयार झाले होते. या सूचनेला हसू नये. ज्याच्या दारात संकट आलंय तो ते पुढे ढकलणारच. पण पुढे म्हणजे चारशे मीटरवर त्यांचीच जॅकवेल होती, आणि त्यापुढे कादवा. शाखा अभियंत्यांनी त्यांना नकाशा दाखवला नाही, फक्त विचारलं, “आबा, विहीर बंधाऱ्याच्या वर आहे का खाली?” सरपंच गप्प झाले.

दुसरा पर्याय काहीच न करण्याचा, म्हणजे बंधारा आहे तसा ठेवण्याचा. त्यात धोका लपलेला होता. जानेवारीत बंधारा काठोकाठ भरलेला असतो आणि बर्ग्यांवरून पाण्याचा पातळ पडदा सतत सांडत असतो. वरून सांडणारं पाणी म्हणजे नेमका तेलाचा थरच आधी पलीकडे जाणार. बंधारा पाणी अडवतो, तेलाला मात्र वाट देतो.

तिसरा, पेटवून द्या. हे एका तरुणाने गंभीरपणे सुचवलं. पाण्यावरचं तेल जळायला थर किमान दोन-तीन मिलिमीटर जाड लागतो. इथे तवंग होता. आणि काठाला दोन्हीकडे ताणतारांवर चढवलेल्या बागा.

चौथा पर्याय फोनवरून आला. वाहतूकदाराच्या ओळखीच्या एका पुरवठादाराकडे तेल ‘विरघळवणारं’ रसायन होतं, दुपारपर्यंत पोचवतो म्हणाला. समुद्रात अशी रसायनं वापरतात, पण तीही तटरक्षक दलाच्या परवानगीने आणि पुरेसं खोल पाणी असेल तरच. ती तेल नाहीसं करत नाहीत. त्याचे बारीक थेंब करून पाण्यात खोलवर मिसळवतात, म्हणजे अथांग पाण्यात ते पातळ व्हावं. शिवाय त्यांतली बरीचशी खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली, गोड्या पाण्यात तितकी चालतही नाहीत. दीड मीटर खोलीच्या ओढ्यात, पिण्याच्या विहिरीच्या वर, ती टाकणं म्हणजे वर तरंगणारं आणि काढता येण्याजोगं तेल स्वतःच्या हाताने न काढता येणारं करून ठेवणं. तहसीलदारांनी नकार दिला. पण त्यांनी नंतर प्रांजळपणे सांगितलं की तेव्हा कारण माहीत नव्हतं, ‘पिण्याच्या पाण्यात रसायन नको’ एवढंच मनात आलं. निर्णय बरोबर ठरला, आधार मात्र अंदाजाचा होता.

पाचवा पर्याय शाखा अभियंत्यांचा : बंधारा वरून बंद करायचा आणि पाणी खालून काढायचं.

काय केलं

जॅकवेलचा पंप बंद करायला पोलीस पाटलांनी पोराला मोटारसायकलवर पिटाळलं. थोड्याच वेळात पंप थांबला. तेल अजून बंधाऱ्याच्या वरच होतं, त्यामुळे टाकीत गेलेलं पाणी चांगलं होतं. खबरदारी म्हणून तरीही टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं.

मोटारींचा प्रश्न अवघड निघाला. सगळ्या बंद करायच्या तर महावितरणला सांगून फीडरच, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनीच, बंद करणं सोपं. पण बंधाऱ्यावर पाणी उपसायला मोटारी लागणार होत्या आणि त्याही त्याच फीडरवर. दहा मिनिटं यावर घासाघीस झाली. अखेर आधी फीडर बंद, तेवढ्यात काठावरच्या प्रत्येक मोटारीचा ऑटो काढायचा आणि स्टार्टरचे फ्यूज खिशात घालायचे, मग वीज परत, असं ठरलं. बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप गेला आणि पाऊण तासात बहुतेक फ्यूज निघाले. एक बाग राहिली. तिचा मालक लग्नासाठी सिन्नरला होता आणि मोटारीची पेटी कुलूपबंद होती.

बंधाऱ्यावर तोवर मातीने भरलेल्या गोण्या चढत होत्या. बर्ग्यांच्या माथ्यावर वीतभर उंचीची रांग झाली आणि सांडणारं पाणी थांबलं. फुगवट्याचा विस्तार आणि येणारं पाणी, सेकंदाला तीसेक लिटर, यांच्या हिशेबाने सहा-सात तासांची सवड मिळाली. जुन्या बंधाऱ्यावर वीतभर जास्त पाणी चढवणं धोक्याचं नव्हतं का? होतं. अभियंत्यांनी दोन माणसं खास खालच्या बाजूला, गळती वाढते का हे पाहायला उभी केली. काठच्या एका शेतकऱ्याचं कांद्याचं रोप पाण्याखाली गेलं. त्याची भरपाई सरपंचांनी तिथल्या तिथे कबूल केली आणि वाद मिटवला.

मग पाणी खालून काढणं. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाचं पाणी ओढणारं तोंड, तळापासून फूटभर वर राहील असे पाइप सोडले. त्याहून खाली गाळ येतो, फार वर घेतला तर भोवरा होऊन तेल ओढलं जातं. पाच एचपीच्या चार मोटारी तळाचं स्वच्छ पाणी बंधाऱ्यावरून पलीकडे टाकायला लागल्या, वर तेल जागच्या जागी. वीज परत येईपर्यंतचा वेळ दोन जुन्या डिझेल इंजिनांनी भरून काढला. मोटारी, इंजिनं आणि वायरी काठापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवण्याचं पथ्य पाळलं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, पण हवेचा भरवसा धरू नये. टँकरच्या पाठीवरच्या फलकावर १२०२ हा अंक होता म्हणून डिझेल असल्याची खात्री झाली होती. १२०३ असता तर पेट्रोल, आणि मग यातलं बहुतेक काही करता आलं नसतं.

तेल टिपायला बूम नव्हते. ते मुंबईहून यायला दुपार उलटली असती. लासलगावच्या बाजारातल्या कांद्याच्या लाल जाळीदार गोण्या मात्र घराघरांत होत्या. त्यांत गुऱ्हाळावरचं वाळलेलं उसाचं चिपाड आणि सुताराकडचा भुसा भरून, गोण्या एकमेकींना शिवून माळ केली. ती प्रवाहाला आडवी न टाकता तिरकी टाकली, म्हणजे तेल काठाकडे सरकतं आणि तिथून उचलता येतं. प्रवाह सेकंदाला पस्तीस सेंटिमीटरच्या वर गेला तर कारखान्यात बनवलेल्या बूमखालूनही तेल निसटतं. इथे फुगवटा होता म्हणून ही जुगाडाची माळ टिकली. चिपाड तेलाइतकंच पाणीही पितं आणि तीन-चार तासांत जड होऊन बुडायला लागतं, हे लक्षात आल्यावर माळ बदलण्याची पाळी लावली.

नगरपालिकेच्या मैला उपसणाऱ्या गाडीने काठचं तेल ओढलं. त्यात दहातले नऊ हिस्से पाणीच होतं. ते टाकायला शेताच्या बांधाला खड्डा खणून त्यात शेततळ्याचा कागद अंथरला, तळाशी कॉकचा पाइप बसवला. तासभर स्थिरावल्यावर खालचं पाणी परत फुगवट्यात सोडायचं, वरचं तेल पिंपात.

वर पुलावर दुसराच तणाव चालू होता. रस्ता सकाळी नऊपर्यंत मोकळा करा असा दबाव होता आणि क्रेन येऊन उभी होती. टँकरच्या तीन कप्प्यांत अजून बारा हजार लिटर होतं. भरलेला टँकर उचलताना कप्पा फाटला तर ओढ्यात आधीच्या दुप्पट तेल जाईल, हे डेपोकडून आलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याने ठामपणे सांगितलं. पोलीस निरीक्षकांनी दोन मिनिटं विचार केला आणि वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवली. रिकामा टँकर आणून उरलेलं डिझेल त्यात घेतलं आणि मगच क्रेन लागली. रस्ता दुपारी दोनला सुरू झाला. कांद्याच्या गाडीवाल्यांनी त्या निरीक्षकांचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत महाग पडू शकणारा निर्णय त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी बरोबर घेतला.

निष्पत्ती

टँकरमधून सहाएक हजार लिटर गेलं, असा हिशेब मोजणीअंती निघाला. दोन हजारांच्या आसपास परत मिळालं. काही उडून गेलं असेल, थंडीमुळे कमीच. बाकीचं मातीत गेलं. कादवेच्या संगमावर तवंग दिसला नाही. वन विभागाच्या माणसांनी नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्याला फेरी मारली, तिथेही काही आढळलं नाही.

जॅकवेलच्या पाण्याचा पहिला नमुना मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत गेला आणि प्रयोगशाळेने परत पाठवला. तेल प्लास्टिकला चिकटतं, त्यासाठी काचेची रुंद तोंडाची बाटली लागते. दुसरा नमुना जायला आणखी एक दिवस गेला. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. अहवाल मर्यादेच्या आत आला, तरी पाण्याला वास होता. माणसाच्या नाकाला डिझेल मानकाच्या बरंच आधी कळतं. ग्रामसभेत बायकांनी अहवाल बाजूला सारला : “वास येतोय तोवर आम्ही लेकरांना पाजणार नाही.” विहीर दोनदा पूर्ण उपसली आणि वास गेल्यावरच पुरवठा सुरू झाला. आठवडाभर गावाने टँकरचं पाणी प्यायलं. कागदावर सुरक्षित असलेलं पाणी लोकांनी नाकारलं आणि प्रशासनाने ते मान्य केलं, हे मला या प्रकरणातलं शहाणपण वाटतं.

सिन्नरला गेलेल्या शेतकऱ्याची मोटार वीज परत आल्याबरोबर ऑटोने सुरू झाली होती. कुणाच्या लक्षात येईपर्यंत एका एकराच्या ठिबकमध्ये तेलकट पाणी गेलं. मण्यात पाणी उतरायची वेळ होती. निर्यातदाराने तो प्लॉट घेतला नाही, माल बेदाण्याला गेला. नुकसानभरपाईसाठी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, हे त्याला वकिलाकडून बऱ्याच उशिरा कळलं.

तेलाने भिजलेलं चिपाड आणि माती हा घातक कचरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो अधिकृत ठिकाणीच जायला हवा, शेतात जाळून चालत नाही. वाहतुकीचा खर्च कुणी द्यायचा या पत्रापत्रीत ढीग काठावरच पडून राहिला, वरून शेततळ्याचा कागद टाकून. अवकाळी आला नाही हे नशीब.

आणि मग, तीनेक आठवड्यांनी, पुलापासून साठ मीटरवरच्या एका शेतातल्या विहिरीला डिझेलचा वास यायला लागला. ती ओढ्यावर नव्हतीच. चर बुजवताना वरची काळी माती उचलली, पण तळाचा मुरूम तसाच राहिला होता. त्याखाली आपला दख्खनचा काळा कातळ, भेगाभेगांचा. डिझेल भेगांतून कुठे वळेल हे वरून सांगता येत नाही. त्या विहिरीचं पाणी आजही फक्त जनावरांच्या गोठ्याच्या धुण्याला वापरतात.

काय वेगळं करता आलं असतं

बंधाऱ्यावरची युक्ती लोकांना आवडते आणि या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा तिथेच थांबते. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते चार ते साडेसहा हे अडीच तास. त्या वेळात एकही माणूस तेलाच्या पुढे गेला नाही, सगळे तेलाच्या उगमापाशी उभे होते. फुगवटा नसता तर हा लेख वेगळा झाला असता.

त्यामुळे आराखड्यात साधनांच्या यादीआधी एक तक्ता हवा : कोणत्या पुलावरून सांडलं तर खाली पहिला पाणी उचलणारा कोण, तिथे तेल किती वेळात पोचेल आणि तो पंप बंद करणाऱ्याचा नंबर काय. या गावाने नंतर असा तक्ता केला. पुलाजवळ मुरुमाचा ढीग ठेवला. पंचायतीच्या कपाटात काचेच्या चार बाटल्या आल्या. काठच्या मोटारींच्या पेट्यांची एक-एक चावी पोलीस पाटलांकडे ठेवायची सूचना मात्र बागायतदारांनी फेटाळली, आणि त्यांची कारणं ऐकली तर तेही चुकीचे वाटत नाहीत. केबलचोरी हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे, टँकर एखाद्या वेळी उलटतो.

प्रमाणाचा अंदाज चालकाच्या तोंडून न घेता कप्पे मोजून घ्यायला हवा होता. पाच कप्पे, त्यातले गळणारे किती, हे टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत कळलं असतं आणि ‘थोडंच’ हा शब्द सव्वाचारला संपला असता. मातीकडेही त्याच दिवशी पाहायला हवं होतं. सगळ्यांचं लक्ष पाण्यावर होतं, आणि चराचा तळ खणायला लागणारा जेसीबी दुपारभर रिकामा उभा होता.

पावसाळ्यात घडलं असतं तर

हा प्रश्न गावातल्याच एका मुलाने विचारला आणि त्याने सगळ्यांची झोप उडवली. पावसाळ्यात बर्गे काढलेले असतात. फुगवटा नाही, गोण्या नाहीत, बंधारा म्हणजे नुसते खांब. ओढा सेकंदाला मीटरभर वेगाने धावतो. पूल ते जॅकवेल हे चौदाशे मीटरचं अंतर चोवीसेक मिनिटांत कापलं जाईल. जानेवारीत कामी आलेलं काहीही जुलैत चालणार नाही, फक्त पंप बंद करणं तेवढं हातात राहील.

जुलैत त्यांनी सराव घेतला. तेलाऐवजी पुलावरून पोतंभर मुरमुरे सोडले आणि त्याच क्षणी ऑपरेटरला फोन लावला. फोन लागला नाही, पंपघरात रेंज नव्हती. मुरमुरे बावीस मिनिटांत विहिरीपाशी पोचले, निरोप घेऊन निघालेली मोटारसायकल चिखलात अडकून एकतिसाव्या मिनिटाला. त्यानंतर ग्रामपंचायतीने जॅकवेलच्या पंपाला मोबाइल स्टार्टर बसवला, त्याची अँटेना पंपघराच्या छपरावर. आता ऑपरेटर, पोलीस पाटील आणि तलाठी या तिघांपैकी कुणीही आपल्या फोनवरून पंप थांबवू शकतं. स्टार्टरच्या सिमकार्डचा रिचार्ज कोणत्या निधीतून करायचा, यावरचा ठराव पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.